हीरवाले साहेब

अप्पांनी लातूरहून दाढ भरून आणली तो दिवस मला चांगला आठवतो. अप्पा म्हणजे आमचे अहमदपूरचे घरमालक. मोंढ्यात त्यांचं आडत दुकान, दुकानावर दोन खोल्या; एकीत मी राहायचो, दुसरीत साहेब. संध्याकाळी अप्पा गाल धरून परतले, जिन्यापाशी खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "सुटलो बाबा एकदाचा. भरून टाकली."

साहेब नुकतेच कामावरून आले होते. एक बूट काढला होता, एक पायात होता. ते तसेच थांबले.

"कशानं?"

"काय कशानं?"

"भरली कशानं?"

"आता ते काय मी बघून राहिलो का? त्यांचा मसाला असतो कायतरी."

"विचारलं नाही तुम्ही?"

"अहो, त्याचे दोनी हात माझ्या तोंडात! इचारू कसं?"

साहेबांनी दुसरा बूट काढला. "वरून बंद दिसतं, अप्पा," ते म्हणाले, "खाली पोकळ असतं." आणि हातपाय धुवायला निघून गेले. अप्पांनी पुढं कितीतरी दिवस त्या बाजूनं भाकरी चावली नाही. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यो मानूस भाड्यानं ठिवायला बरा हाय. घरचा असता तर मी पळून गेलो असतो."

कशानं? साहेबांच्या तोंडात दिवसभर हा एकच प्रश्न. रस्त्यातला खड्डा बुजवला, कशानं? पोराचं ॲडमिशन झालं, कशानं? मी एकदा सहज म्हणालो की माझ्या मेव्हण्याचं सोयरिकीत फाटलं होतं ते आता मिटलं, तर तिथंही त्यांनी मान वर करून तेच विचारलं. माणसाला काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या वाटतात हे त्यांच्या गावीच नव्हतं. त्यांच्याबरोबर दिवस काढून खोलीवर आलो की मला बायकोचा फोनसुद्धा नको व्हायचा.

अहमदपूरच्या पुढं डोंगरातून नव्या रेल्वेलाइनचा बोगदा निघत होता. मी तिथं सर्व्हेअर, मूळचा लातूरजवळच्या मुरुडचा. साहेब नांदेडचे. वडील शाळामास्तर, भाऊ वकील, घरात सगळे कागदावर जगणारे. हे एकटेच जमिनीखाली गेले. उभी हयात गुजरातेत तेलाच्या विहिरींवर काढली. निवृत्त होऊन नांदेडला आले, पण घरी बसणं जमेना, म्हणून सुरक्षा सल्लागार होऊन आमच्या नशिबी आले. बोगद्यात माणूस मरू नये हे बघणं त्यांचं काम. पण ते बोगद्यात कमी आणि डोंगरावर जास्त असायचे. गावोगाव हिंडायचे आणि भेटेल त्याला विचारायचे, इथं पूर्वी विहीर कुठं होती? आमच्याकडं खेड्यात विहिरीला हीर म्हणतात. लोकांनी त्यांचं नाव ठेवलं, हीरवाले साहेब.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बोगदा खणताना पुढं काय आहे ते दिसत नाही. डोंगर काळ्या दगडाचा असला तरी त्यावर राहणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याला भोकं पाडलेली असतात. विहिरी, आड, आणि आमच्या लातूर भागात तर प्रत्येक दुष्काळात मारलेले आणि कोरडे गेलेले बोअर. पाणी लागलं नाही की बुजवायचं आणि विसरून जायचं, ही आमची रीत. नकाशावर यातलं काही नसतं. खालून येणाऱ्यानं अशा एखाद्या विहिरीचा तळ फोडला तर वरचा गाळ, पाणी, दगडधोंडे, सगळं त्याच्या डोक्यावर येतं. साहेबांचं बरोबर होतं आणि ते दिवसातून दहा वेळा बरोबर असायचे. अशा माणसाबरोबर एका जीपमध्ये बसणं हे किती थकवणारं काम आहे, ते बसल्याशिवाय कळायचं नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम खडे असायचे. कुठंही भोक दिसलं की त्यात एक खडा टाकायचे आणि कान लावायचे. बोअरचं तोंड, गटाराचं झाकण, एकदा तर अहमदपूरच्या स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीच्या फरशीतलं भोक. कंडक्टरनं विचारलं, "काका, काय पडलं का तुमचं?" साहेब म्हणाले, "नाही, बघतोय." कंडक्टर माझ्याकडं बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

चहा आला की आधी वास घ्यायचे. पाणी आलं की वास घ्यायचे. तेलाच्या विहिरींवर वायूचा वास आला की पळायचं असतं, ती सवय. रविवारी नांदेडला घरी जायचे तेव्हा हेल्मेट मांडीवर घेऊन जायचे. ते ठेवून का जात नाही म्हणून विचारलं तर म्हणाले, "नांदेडला गटारांची कामं चालू आहेत."

आता त्यांची विहिरी शोधायची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आमच्याकडं विहिरीच्या काठावर साती आसरा असतात. पाण्याच्या सात देवता, म्हणजे शेंदूर लावलेले सात दगड. बाळंतीण उठली की विहिरीवर जाते, नवी नवरी जाते, हळदकुंकू वाहते, हिरव्या बांगड्या वाहते. त्या बांगड्या पुष्कळदा पाण्यातच सोडतात. विहीर आटते, बुजते, वर नांगर फिरतो. पण आसरा कोणी उखडत नाही. बायका त्या कोरड्या जागी हळदकुंकू घेऊन जातच राहतात. साहेबांनी हे हेरलं होतं. ज्या रानात पाण्याचा टिपूस नाही तिथं सात शेंदरी दगड दिसले की ते जीप थांबवायचे. "इथं आहे," म्हणायचे. आणि असायची. आमच्या नकाशावर नसलेल्या कितीतरी विहिरी त्यांनी अशा शोधून काढल्या. साइटचे मॅनेजर हसायचे, पण नकाशात भर घालायचे.

देवाधर्माचं त्यांना काही नव्हतं. तरी दगडांपाशी पोचले की बूट बाजूला काढायचे. मी एकदा खोचून बोललो, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या कामाच्या जागी बूट घालून जाऊ नये."

गुजरातेतलं त्यांनी मला एकदाच सांगितलं. जीपचं चाक पंक्चर झालं होतं, ड्रायव्हर खटपट करत होता, आणि आम्ही दोघं रस्त्याकडेच्या मोरीवर बसलो होतो. मी काही विचारलं नव्हतं.

"तेल संपलं की विहीर बुजवतात," ते म्हणाले. "आत सिमेंट सोडायचं, थर द्यायचे, वर झाकण. असं पुस्तकात आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा जुन्या विहिरी बंद करायचं काम निघालं होतं. वरचे साहेब सांगायचे, अमुक नंबरची बुजवली, सही कर. मी करायचो."

"मग?"

"मग काय? कशानं बुजवली हे मी विचारलं नाही. नंतर एक जुना कामगार सांगायला लागला. कुठं लाकडाचे ओंडके, कुठं पोती, कुठं तुटका दोर आणि माती. सिमेंट दुसरीकडंच गेलेलं. तोवर माझ्या सह्या झालेल्या."

ड्रायव्हर जॅकला शिव्या देत होता.

"तिथं आता गाव वाढलंय. जमिनीखालून रेल्वे काढणार आहेत, शहरांत काढतात तशी. त्या विहिरींच्या शेजारून. आत वायू साठलेला असला तर एक ठिणगी बस आहे. मी रजा काढून गेलो तिथं. सांगितलं, बाबांनो, उघडून बघा. त्यांनी चहा दिला. म्हणाले, काका, रेकॉर्डला सगळ्या नीट बुजवल्यात. तुमचीच तर सही आहे."

तेवढ्यात चाक बसलं आणि आम्ही निघालो. तेव्हापासून त्यांच्या 'कशानं'चा मला थोडा कमी राग येऊ लागला. थोडाच.

डोंगराच्या उतरणीवर एक गाव आहे. आम्ही त्याला नुसतं वरचं गाव म्हणायचो. त्याच्याखाली बोगद्याच्या छतावर दगडाची जाडी कमी, म्हणून तो भाग सगळ्यांत नाजूक. गावाला एक जुनी विहीर होती एवढं सगळेच सांगत. सरपंच पारावर बसून म्हणाले, "व्हती नं सायेब. आसराच्या पुढ्यातच व्हती. आमच्या आज्याच्या टायमाला पानी आटलं, मंग बुजवली."

"कशानं?"

"मातीनंच बुजवली असंल. अजून कशानं बुजवत्यात?"

आसरा सापडायला वेळ लागला नाही. गावाच्या अंगाला छान सिमेंटचा ओटा, त्यावर सात दगड, शेंदूर ताजा. आम्ही तिथं मशीन लावून वरून खाली भोकं घेतली. ओट्याच्या पुढं घेतली, मागं घेतली, दोन्ही बाजूंना घेतली. सगळीकडं सलग काळा दगड. मशीनमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या साहेब हातात घेऊन उलटसुलट करत बसले. दगड चांगला होता, आणि तेच त्यांना आवडलं नव्हतं.

काम थांबलं होतं. मॅनेजरांना वरून रोज फोन येत होते. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त झोप न झालेले होते. ते म्हणाले, "साहेब, दुधानं तोंड पोळलंय तुमचं, हे मला कळतं. पण ताक किती दिवस फुंकणार?" विहीर नाही असं दगड सांगत होता. त्यांनी पुढं जायला हरकत नाही म्हणून सही केली. त्या दिवशी अप्पांच्या घरून धपाटे आले होते, ते त्यांनी तसेच झाकून ठेवले.

बोगदा पुढं सरकू लागला. मग एका दुपारी आम्ही गेटजवळच्या टपरीवर चहा घेत होतो तर वरच्या गावची एक म्हातारी काठी टेकत आली. तिचं नाव गयाबाई. तक्रार घेऊन आली होती, आणि तक्रार घेऊन येणारे सगळे माझ्याकडंच येतात, माझा चेहराच तसा आहे.

"शेड देतो म्हनले व्हते तुमी. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आमच्या आसरा उन्हात बसून राहिल्या."

"मावशी, चांगला ओटा आहे की."

"वटा दिला, हाव. पर वर पत्रा न्हाई. आदीच्या जागी उंबराची सावली तरी व्हती. तुमाला रस्ता रुंद करायचा म्हनून हलवल्या, आन आता कोन इचारना झालं."

साहेबांनी कप खाली ठेवला. "हलवल्या?"

"मंग? आमी बायकांनी वटीत घालून आनल्या. वाजत गाजत. तुमच्याच मानसांनी नारळ फोडला."

"कुठून आणल्या, बाई?"

गयाबाईनं काठी उचलून दाखवली. आमचे डंपर जिथं वळायचे त्या वळणाकडं. तिथं उंबर नव्हता आता, सपाट मुरूम होता.

आम्ही कुणी कामावर यायच्या आधीच रस्त्याचं काम झालं होतं. ते करणाऱ्यांनी देव हलवले, रीतसर पूजा केली, चांगला ओटा बांधून दिला, आणि आपण गावाचा मान राखला म्हणून खूश होऊन निघून गेले. त्यांना काय ठाऊक की देवांसोबत विहिरीचा पत्ताही हलला. गावातही कुणी खोटं बोललं नव्हतं. आम्ही विचारलं आसरा कुठं, तर आसरा जिथं होत्या तिथं त्यांनी नेलं. आधी कुठं होत्या हे आम्ही विचारलं नाही. आणि विहीर आसराच्या पुढ्यात होती, हे सरपंच ऐकत आले होते तसंच बोलले.

मी सर्व्हेअर आहे. ते वळण आणि खालचा बोगदा यांचा मेळ घालायला मला कागद लागला नाही. काठी जिथं वळली होती त्याच्या खाली, अगदी थोडं अलीकडं, आमची माणसं त्या घटकेला सुरुंगासाठी भोकं पाडत होती.

जीप मी चालवली. बोगद्याच्या आतली जी शेवटची भिंत असते, जिथं खणणं चालू असतं, तिला आम्ही फेस म्हणतो. आम्ही पोचलो तेव्हा फेसला भोकं पाडून झाली होती आणि सुरुंगाच्या दारूचे खोके यायचे होते. कामगार झारखंडकडचे. साहेबांनी फोरमनला सांगितलं, "सबको बाहर भेजो," आणि पडलेलं एक घमेलं उपडं करून फेसला पाठ लावून त्यावर बसले. गुडघे दुखायचे त्यांचे. बसताना तोंडातून आवाज निघाला.

मॅनेजर आले ते धापा टाकत.

"साहेब, उठा. तुम्हीच सही केलीय."

"म्हणूनच बसलोय."

"वरून खणून बघितलं ना आपण? काय लागलं? दगड."

"देव ठेवलेत तिथं खणलं आपण. विहीर या बाजूला आहे. आधी पुढं एक लांब भोक पाडा, वर तिरकं. आणि भोकाच्या तोंडाशी पाइप बसवा, पाइपला कॉक. कॉक बसल्याशिवाय आत मशीनचा दांडा जायचा नाही."

"कॉक? इथं काय तेल लागणार आहे?"

"काय लागेल ते माहीत नाही, म्हणून कॉक."

मॅनेजर हेल्मेट काढून भिंतीला टेकले. मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांच्यात ओरडायचंही त्राण नव्हतं. "एक भोक," ते म्हणाले. "त्यात काही निघालं नाही तर उद्यापासून तुम्ही घरी."

"चालेल," साहेब म्हणाले.

पाइप सिमेंटमध्ये बसवला, सिमेंट घट्ट होईपर्यंत थांबलो. साहेब घमेल्यावरून उठले नाहीत. मला म्हणाले, "तू जा बाहेर." मी म्हणालो, भोकाचा कोन बघायला मी लागणार. मशीन चालवणारा, फोरमन, साहेब आणि मी, एवढेच आत उरलो. मॅनेजर बाहेर जातो म्हणाले आणि गेलेच नाहीत, थोड्या अंतरावर उभे राहिले.

दांडा दगडात शिरला. बराच वेळ एकसारखा आवाज येत राहिला आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटू लागलं. मग आवाज बदलला. दांडा एकदम पुढं सरकला, लोण्यात सुरी जावी तसा. मशीनवाल्यानं तो मागं ओढला आणि पाइपातून पाणी आलं. काळं, सडका वास मारणारं, जोरात. साहेब बसले होते ते घमेलं त्यांनी त्या धारेखाली धरलं. गाळाबरोबर काहीतरी बारीक बारीक घमेल्यात वाजत होतं. मग त्यांनी स्वतः कॉक फिरवून पाणी बंद केलं आणि बॅटरी घमेल्यावर धरली.

हिरवी काच. बांगड्यांचे तुकडे, कितीतरी.

मशीनवाल्यानं हेल्मेट काढलं. "चूड़ी है, साहब," तो म्हणाला.

सुरुंग उडाल्यावर धूर निवला की दगड उचलायला सगळी टोळी फेसला येते. मी त्यातल्या पुष्कळांना नावानं ओळखत होतो. त्यांच्यातल्या एकाचं लग्न ठरलं होतं आणि तो सगळ्यांना मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवत सुटला होता. मॅनेजर पुढं आले, घमेल्यात बघितलं, आणि साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

आता तरी हा माणूस खूश होईल, असं मला वाटलं. परतताना जीपमध्ये ते समोर बघत बसले होते. अहमदपूर जवळ आल्यावर म्हणाले, "मी सही केली होती रे." एवढंच.

विहीर वरून उघडायची, उपसायची आणि नीट भरायची असं ठरलं. पण आमच्याकडं विहीर भरणं पाप मानतात. आधी भरली ती भरली, गावकरी म्हणाले, आता उघडल्यावर पुन्हा भरू देणार नाही. गावात मारुतीच्या देवळापुढं बैठक झाली. पुरुष पारावर, बायका ओट्याखाली. साहेबांनी नीट समजावून सांगितलं, की खालून माणसांनी भरलेली रेल्वे जाणार आहे, वर विहीर मोकळी ठेवता येणार नाही. मग गयाबाईनं विचारलं.

"कशानं भरनार?"

मी साहेबांकडं बघितलं. आयुष्यभर हा प्रश्न ते लोकांना विचारत आले, आणि त्यांना तो बहुतेक पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. ते उठून उभे राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं. पाणी कसं उपसणार, जुना कचरा तळापर्यंत कसा काढणार, आधी काय टाकणार, काँक्रीट कसं आणि किती थरांनी, प्रत्येक थर किती दिवस सुकू देणार. फार वेळ बोलले. बायका शांतपणे ऐकत होत्या.

"आन बघायला कोन ऱ्हानार?" गयाबाईनं विचारलं.

"मी राहीन."

"पुरं व्हईस्तोवर?"

"पुरं होईपर्यंत."

"मंग भरा," ती म्हणाली. "आन पत्र्याचं बघा."

पत्रा दुसऱ्याच दिवशी चढला. एवढी एकच गोष्ट त्या साइटवर वेळेत झालेली मला आठवते.

विहीर उघडली. सरपंच माती म्हणाले होते. वर होतीही माती, थोडी. तिच्याखाली बाभळीची खोडं, बैलगाडीचं चाक, शाळेची मोडकी बाकं, पत्रे, एक जळकी मोटर. मध्ये सगळी पोकळी, खाली पाणी आणि गाळ. एकेक वस्तू वर आली की साहेब मला हाक मारायचे. "बघ! बघ कशानं!" गुन्हा पकडल्याचा आनंद होता त्यात, आणि तेवढीच चीडही. मग काँक्रीटच्या गाड्या सुरू झाल्या. साहेब काळी छत्री उघडून काठावर उभे. डोक्यावर हेल्मेट, वर छत्री. मार्च-एप्रिलचं ऊन. जेवायला चला म्हटलं तर भाकरी तिथंच मागवायचे आणि हातात धरून खायचे. प्रत्येक गाडी ओतली की वाकून बघायचे. साखरेचा आजार होता, पाय सुजायचे. नांदेडहून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन मला यायचा. "त्यांना बसायला तरी सांगा हो." मी खुर्ची नेली. त्यांनी तिच्यावर पाण्याची बाटली ठेवली.

भरून झालं. वरचा थर वाळला. साहेबांनी त्यावर बूट काढून चालून बघितलं.

मग जे व्हायचं ते झालं. न झालेल्या अपघाताचं कुणाला काय पडलेलं असतं? वर जो अहवाल गेला त्यात 'किरकोळ पाझर' असं होतं. साहेबांची मुदत त्याच महिन्यात संपत होती, ती वाढवली गेली नाही. मॅनेजरांनी वर शब्द टाकला म्हणे, मी बघितलं नाही. विहीर योग्य रीतीनं भरली या कागदावर सही लागत होती, तर ती साहेबांच्या जागी आलेल्या माणसानं केली. काँक्रीट ओतत होते तेव्हा तो पुण्यात होता. मी हे साहेबांना सांगितलं नाही, पण त्यांना कळलंच. "असं का," म्हणाले, आणि पेटी आवरायला लागले. तरुणपणी न बघितलेल्या विहिरींवर सह्या केल्या, आणि जी एक डोळ्यांनी बघितली तिच्यावर सही दुसऱ्याची. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

निघताना अप्पा एसटी स्टँडवर आले होते. हातात चिवड्याची पिशवी. "सायेब," म्हणाले, "दाढ अजून शाबूत हाय बरं का."

"बघत राहा," साहेब म्हणाले, आणि हेल्मेट मांडीवर घेऊन खिडकीशी बसले.

बोगदा झाला. गाडी अजून धावत नाही, धावेल कधीतरी. मी आता अर्धापूरकडं एका रस्त्याच्या कामावर असतो. तिथून नांदेड जवळ, म्हणून बहुतेक रविवारी साहेबांकडं चक्कर होते. जाताना अर्धापूरची केळी नेतो. साखरेमुळं त्यांना चालत नाहीत, काकू खातात.

साहेबांना झटका येऊन गेला. डावा हात गेला, आणि डोक्यातलं पुष्कळ काही गेलं. अहमदपूर गेलं, अप्पा गेले, मी गेलो. गुजरात तेवढं राहिलं. मला ते तिथलाच कुणीतरी समजतात. काकू दार उघडतानाच सांगतात, "आज बरं आहे," किंवा, "आज सकाळपासून विहिरी चालू आहेत." विहिरी चालू असल्या की ते पलंगावर पडून नंबर म्हणत असतात. अमुक नंबर, कशानं? तमुक नंबर, कशानं? उत्तर मिळालं नाही की उठून बसायला बघतात. काकूंनी सगळी उत्तरं देऊन बघितली. त्या दमल्यात. आम्ही सगळेच दमलोत.

गेल्या रविवारी विहिरी चालू होत्या. मी खुर्ची ओढून बसलो. गुजरातच्या नंबरांवर मी काय बोलणार? मला एकच विहीर माहीत होती.

"साहेब," मी म्हणालो, "वरच्या गावची भरली."

ते थांबले. "कशानं?"

मी सांगितलं. पाणी उपसलं, खोडं काढली, बाकं काढली, गाडीचं चाक काढलं, गाळ काढला तळापर्यंत. मग काँक्रीट, थराथरानं. प्रत्येक थर सुकू दिला.

"कोण होतं तिथं?"

"तुम्ही होतात."

"मी?" त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "पुरं होईपर्यंत?"

"पुरं होईपर्यंत. छत्री घेऊन उभे होतात. बसलातसुद्धा नाही."

"तू बघितलंस?"

"मी तिथंच होतो, साहेब."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. मग साहेबांनी उजवा हात चादरीवरून माझ्याकडं सरकवला.

"आण मग," ते म्हणाले. "सही करतो."

कागद आणायला काकू वळल्या, पण तोवर मी हात पुढं केला होता. साहेबांनी माझ्या तळहातावर बोटानं सही केली, सावकाश, पूर्ण नावाची, आणि खाली रेघ ओढली.